‘अल्पशा आजाराने’ खोडताना

चौदा महिने अंथरुणाशी भांडलेली बाई ‘अल्पशा आजाराने’ गेल्याचं कार्ड आमच्या मलकपेठच्या घरी आलं, तेव्हा मी निजामाबादला होते. विडी वळणाऱ्या बायकांच्या बैठका होत्या, आठ दिवस. मी कुठल्या गावात, कुणाच्या घरी उतरलेय हे माझं मलाच आदल्या दिवशी कळत नसे, तर हैदराबादहून कोण मला गाठणार? परतले तर आईनं दारातच थांबवलं. मरणाचं पत्र घरात घ्यायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं, ही आमच्याकडची रीत. आईनं फाडलं नव्हतं एवढंच. चपलांच्या फळीशेजारी विटेखाली दाबून ठेवलं होतं. ‘‘आधी पाणी पी,’’ आई म्हणाली, आणि मला समजलं. उभ्या उभ्या वाचलं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या काकू श्रीमती अंबिकाबाई मुखेडकर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. खाली शोकाकुल म्हणून सहा पुरुषांची नावं. मरणाच्या कार्डाचा फाडतात तसा कोपरा रीतसर फाडलेला. मला आधी रडू आलं नाही. मी झोळीतून पेन काढलं आणि भिंतीला कार्ड टेकवून ‘अल्पशा’ खोडलं. मग ‘दुःखद’. मग ‘चिरशांती’. रडू त्यानंतर आलं... कारण अंबूमावशींच्या मरणाचं कार्ड मी लिहिणार होते. तसं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं, आणि मी ते पाळायला शहरात नव्हते.

अंबूमावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. बरकतपुऱ्यातल्या एका छापखान्यात त्या मराठी मजकुराची प्रुफं तपासायच्या. छापखाना करीमभाईंचा. तिथं उर्दूत लग्नपत्रिका, तेलुगूत औषधांची लेबलं, मराठीत सत्यनारायणाची निमंत्रणं आणि आमची पत्रकं, असं सगळं पायानं चालवायच्या एकाच ट्रेडल मशीनवर निघायचं. आमची म्हणजे बाबांच्या युनियनची. मी मुळाक्षरं पाटीवर गिरवली खरी, पण वाचायला शिकले ती पत्रकांवर. रविवारी आमच्या घरी सगळे मिळून पत्रकांच्या घड्या घालायचे आणि मी ‘चलो’, ‘हल्ला’, ‘धिक्कार’ असं मोठ्यांदा वाचायची. दहा वर्षांची असताना बाबांनी मला एकटीला प्रुफं आणायला पाठवलं. पंख्याखाली स्टुलावर बसलेली एक काटकुळी बाई, पांढऱ्या पातळात, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यांनी आमचं पत्रक माझ्यासमोर धरलं. ‘‘बापाला सांग, धिक्कार सात वेळा आलाय. चौथ्यापासून माणूस झोपतो. एक ठेव म्हणावं, पण कुणाचा आणि कशासाठी ते नीट लिही.’’ मी घरी जाऊन तसंच सांगितलं. बाबा चिडले, आणि सहा धिक्कार काढले. त्या दिवसापासून मी त्या बाईंच्या बाजूची झाले.

पण त्यांचं खरं राज्य मरणाच्या कार्डांवर होतं. शहरातल्या जुन्या मराठी घरांत कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातला कुणीतरी पुरुष चुरगळलेला कागद घेऊन छापखान्यात यायचा. कागदावर नेहमीचा मजकूर. मावशी तो वाचायच्या, बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, ‘‘एक खरं वाक्य सांगा.’’ कसलं? ‘‘गेलेल्या माणसाबद्दल. एकच, पण खरं. ते आल्याशिवाय जुळवलेला फर्मा मशीनवर चढणार नाही.’’ माणसं वैतागत. सुतकात असलेला माणूस भांडायला आधीच तयार असतो. करीमभाई मशीनमागून ओरडत, ‘‘क्या मौसी, मरे सो आदमी का भी इम्तिहान लेते?’’ मावशी म्हणायच्या, ‘‘त्याचा नाही करीमभाई, हे उरले त्यांचा.’’ आणि आश्चर्य म्हणजे माणसं बसत, करीमभाईंचा चहा पीत, आणि बोलायला लागत. एका नामांकित वकिलांच्या कार्डावर छापलं गेलं की बापूसाहेब कोर्टात आयुष्यभर बोलले, घरात त्यांची पाळी कधी आली नाही. वकीलसाहेबांच्या बायकोनंच ते सुचवलं होतं, मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन. एका आजींच्या कार्डावर होतं की त्यांनी दारात आलेल्या कुणालाही चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही आणि तो चहा वाईट असे. लोक ती कार्डं दारात उभे राहून वाचायचे, हसायचे, आणि मग डोळे पुसायचे. मला वाटतं, आमच्या शहरात माणूस गेल्यावर हसण्याची परवानगी पहिल्यांदा त्या कार्डांनी दिली.

सगळीच वाक्यं हसवणारी नव्हती. एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ आले, सरकारी खात्यातले मोठे अधिकारी. वडील गेले होते. मावशींनी वाक्य मागितलं. ते दोन तास बसले. ‘फार शिस्तीचे होते’ म्हणाले, मावशींनी मान हलवली. ‘सगळ्यांचा आधार होते’ म्हणाले, पुन्हा मान हलवली. मग ते एकदम बोलले, ‘‘मी त्यांना घाबरत होतो. आजही घाबरतो. परवा प्रेताजवळ बसायला घाबरलो.’’ मशीन थांबलं होतं. मावशींनी विचारलं, ‘‘छापू?’’ ते म्हणाले, ‘‘छापा.’’ आणि छापलं. लोकांनी त्या कुटुंबाला नावं ठेवली असतील, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते गृहस्थ जाताना ताठ चालत गेले.

आता हे वाचून कुणाला वाटेल की बाई भयंकर गंभीर असणार. छे! त्या कार्डांचा कोपरा करीमभाई कटरवर एकदम कापून द्यायचे, एकेक फाडत बसायला नको म्हणून. एकदा घाईत मौंजीच्या निमंत्रणांचा गठ्ठा कटरखाली गेला. एका बटूच्या दोनशे निमंत्रणांचे दोनशे कोपरे उडाले. यजमान आले आणि त्यांनी ते बघून जो आक्रोश केला तसा खऱ्या मयताला करत नसतील. करीमभाई कानाला हात लावून उभे. मावशी चष्मा सावरत म्हणाल्या, ‘‘रडता कशाला? यम पत्ता चुकून तुमच्या दारात आला आणि कोपरा खाऊन परत गेला. आता साठ-सत्तर वर्षं तो इकडे फिरकायचा नाही.’’ यजमानांच्या आईनं मात्र घरून निरोप पाठवला की तीच कोपरा कापलेली निमंत्रणं वाटा. तो बटू आता अमेरिकेत आहे. मावशी दर वर्षी विचारायच्या, ‘‘जिवंत आहे ना गं? माझ्या शब्दावर आहे तो.’’

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मी कॉलेजात गेल्यावर विचारलं. तोवर मी पत्रकं वाचणारी राहिले नव्हते, लिहिणारी झाले होते, आणि मला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. मावशी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या. सासरच्यांनी कार्ड छापलं. शोकाकुल म्हणून अकरा नावं होती. त्यात नवऱ्याशी तीन वर्षं न बोललेला चुलतभाऊ होता, पाळण्यातला पुतण्या होता, मावशींचं नाव नव्हतं. बायकांची नावं घालायची पद्धत नव्हती. ‘‘माझा नवरा गेला हे साऱ्या निजामशाहीला कळवलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि त्यात मी कुठंच नाही. मग गेला कुणाचा?’’ कटुता नव्हती आवाजात. बाजारात कुणी खोटं वजन मारलं तर आपण सांगतो तशा त्या सांगत होत्या. त्यानंतर त्या चिकाटीनं शिकल्या, छापखान्यात आल्या, आणि त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक कार्डावर बायकोचं नाव पहिलं आलं. ‘पद्धत नाही’ म्हणणाऱ्याला त्या सांगायच्या, ‘‘मरायचीही पद्धत नव्हती तुमच्या घरात. आता पडली की नाही?’’

मला त्यांनी एकदाच कडक शिकवणी दिली, आणि ती आजही लागते. बाबांचा कारखाना सरकारी. नवं धोरण आलं, बाहेरच्या भांडवलासाठी दारं उघडली, आणि आमच्या कारखान्याचं नाव बंद करायच्या यादीत गेलं. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले. स्वेच्छा! त्या शब्दावर मी चार पानी पत्रक लिहिलं होतं. फाटकासमोर धरणं सुरू असताना लेथवर काम करणारे माधवराव कँटीनच्या रांगेत कोसळले आणि गेले. मी कार्डाचा मजकूर घेऊन धावत छापखान्यात गेले. त्यात माधवराव ‘खासगीकरणाच्या राक्षसाशी झुंजताना हौतात्म्य पावले’ होते. मावशींनी वाचलं आणि विचारलं, ‘‘त्याला व्हायचं होतं का हुतात्मा?’’ मी भडकले. म्हटलं, ‘‘मावशी, हा प्रश्न व्यवस्थेचा आहे, व्यक्तीचा नाही.’’ ‘‘असेल. पण रांगेत व्यवस्था नाही पडली, माधव पडला. त्याच्या बायकोकडं चल.’’ मला ओढतच नेलं. सरूवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मावशींनी त्यांचा हात धरला आणि तेच विचारलं, एक खरं वाक्य सांग. वहिनी म्हणाल्या, ‘‘कारखान्याला एक दिवस उशीर केला नाही बघा. घरी एक दिवस टायमावर आले नाहीत.’’

तेवढंच छापलं. हौतात्म्य नाही, राक्षस नाही. ते कार्ड फाटकावर वाटलं तेव्हा आधी कुणीतरी हसलं, कारण माधवरावांना सगळे ओळखत होते. मग हसू विरलं. मग एकेक माणूस ते कार्ड खिशात घालू लागला. मरणाचं कार्ड कुणी खिशात ठेवतं का? त्या दिवशी ठेवलं. बावीस वर्षं वेळेवर गेलेला माणूस आणि त्याला ‘जादा मनुष्यबळ’ म्हणणारी सही... माझ्या चार पानांना जे जमलं नव्हतं ते एका विधवेच्या वाक्यानं केलं. मी परतताना मावशींना म्हटलं, ‘‘तुमचं बरोबर होतं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुझं चूक नव्हतं गं. राग खराच होता. पण मेलेल्याच्या खांद्यावर झेंडा देऊ नये. त्याला खाली ठेवता येत नाही.’’

मग आबिड्सच्या बाजारात काचेची दुकानं आली, वातानुकूलित, आत संगणक. मजकूर सांगा, पाच मिनिटांत कागद हातात. करीमभाईंकडची गर्दी ओसरली. लग्नपत्रिका आधी गेल्या, मग लेबलं, मग मरणंही गेली. मावशी एक दिवस मला घेऊन ते दुकान बघायला गेल्या. संगणकावरच्या मुलीला म्हणाल्या, ‘‘मरणाचं कार्ड हवंय.’’ मुलगी म्हणाली, ‘‘मॅटर रेडी आहे आज्जी, फक्त नेम आणि डेट सांगा.’’ ‘‘नाव अंबिकाबाई मुखेडकर. तारीख मोकळी ठेव.’’ मुलीनं टाइप केलं, छापून दिलं, आणि सहज विचारलं, ‘‘तुमच्या कोण होत्या?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘मीच.’’ त्या मुलीचा हात कागदावरून असा उडाला, जणू तो तापला होता. ‘‘आज्जी, असं नको ना, भीती वाटते!’’ मावशी रस्त्यात येईपर्यंत हसत होत्या. कागद माझ्यापुढे नाचवून म्हणाल्या, ‘‘बघ, अल्पशा आजाराने गेले मी. कुठल्या आजारानं ते विचारायचं राहिलं.’’ मला हसू येईना. सगळ्या शहराच्या मरणाला एकच मजकूर, तोही आधीपासून तयार. माणसाला जादा ठरवणारी आणि त्याच्या मरणाचा साचा ठेवणारी डोकी मला एकाच कारखान्यातली वाटली. अजूनही वाटतात.

आजार कुठला ते पुढच्याच वर्षी कळलं. पोटात गाठ. आणि तो मुळीच अल्प नव्हता. चौदा महिने. हॉस्पिटलात त्यांच्या खाटेभोवती नेहमी माणसं असायची, कारण शेजारच्या खाटांवरच्या बायकांना त्या त्यांची वाक्यं विचारायच्या. जिवंतपणीच. एक तेलंगी बाई म्हणाली, ‘‘माझ्यावर लिहा, सुनेला मीठ किती घालायचं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.’’ सगळा वॉर्ड हसला, सूनही. डॉक्टर भले होते. म्हणाले, ‘‘अम्मा, देवावर भरवसा ठेवा.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षं त्याला शांती मागणारी कार्डं तपासली, डॉक्टर. एकदाही पोच आली नाही.’’ मी एकदा जरा साहित्यिक होऊन म्हटलं, ‘‘मावशी, मरण म्हणजे शेवटचं प्रूफच, नाही का?’’ त्या खेकसल्या, ‘‘गप. मरण म्हणजे मरण. त्याला उपमा देऊ नकोस, डोक्यावर चढून बसतं.’’ तिथंच त्यांनी वचन घेतलं. ‘‘माझं कार्ड तू लिही. अल्पशा नको, स्वर्ग नको. मला थोर करू नकोस. एक खरं वाक्य.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हीच सांगून ठेवा.’’ ‘‘ते गेलेल्यानं लिहायचं नसतं. उरलेल्यानं लिहायचं. परीक्षा तुझी आहे.’’

तर ते वचन हातात आणि आबिड्सच्या साच्यातलं कार्ड विटेखाली. दुसऱ्या दिवशी मी बरकतपुऱ्याला त्यांच्या पुतण्याकडे गेले. प्रकाश सालस मुलगा आहे, संगणकाच्या नव्या कंपनीत लागलाय, काकूचं सगळं त्यानंच केलं. मी गेले ती भांडायच्या तयारीनं. तो म्हणाला, ‘‘नंदूताई, मला खरंच आयडिया नव्हती. दुपारपर्यंत सगळं करायचं होतं. दुकानात मॅटर रेडी होता, मी ओके म्हटलं. मला मराठी तरी कुठं नीट वाचता येतं?’’ मी म्हटलं, दुसरं कार्ड काढू. तो दचकला. ‘‘दोनदा कळवतात का कधी? लोक म्हणतील काकू परत गेली.’’ ‘‘म्हणू देत. पहिल्यांदा गेली ती दुसरीच कुणीतरी होती.’’ आतून त्याच्या आईनं, म्हणजे मावशींच्या जावेनं, ‘‘अपशकुन आहे तो!’’ असं सुनावलं. प्रकाशनं आतल्या दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. शेवटी म्हणाला, ‘‘वाक्य काय आहे ते दाखव. मग बघू.’’

आणि वाक्य नव्हतं! पत्रकांवर वाढलेली मी, एका बैठकीत चार पानं लिहिणारी, तीन दिवस एक ओळ लिहू शकले नाही. करीमभाईंच्या छापखान्यात त्यांच्या स्टुलासमोर बसायची, लिहायची, खोडायची. ‘रूढींना आव्हान देणारी रणरागिणी.’ खोडलं. ‘मरणावर हसणारी.’ हे मला आवडलं होतं. करीमभाई जुळणीची पट्टी हातात घेऊन उभे होते. त्यांना मराठी वाचायला अडचण नाही, उलटी अक्षरं वाचण्यात हयात गेली. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. ‘‘सच है क्या?’’ एवढंच विचारलं.

नव्हतं. इथपर्यंत लिहिताना एक गोष्ट मी तुमच्यापासूनही टाळली. निजामाबादला जायच्या सकाळी मी मावशींना भेटायला गेले होते. त्या घरी होत्या, अगदी हलक्या झालेल्या, खिडकीकडं तोंड करून. बाहेर पेरूवाला ओरडत होता. मी नेहमीसारखी काहीतरी गंमत केली. त्या हसल्या नाहीत. माझं मनगट पकडलं आणि म्हणाल्या, ‘‘नंदे, मला मरायचं नाही गं.’’ मी काय करावं? मी घाबरले. आणि घाबरून मी जे बोलले त्याची लाज मला जन्मभर राहील. मी म्हटलं, ‘‘असं काय मावशी, तुम्ही तर मरणावर हसणाऱ्या!’’ त्यांनी मनगट सोडलं. ‘‘हसले म्हणून काय त्याला बोलावलं होतं?’’ मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, ‘‘अजून पेरू आवडतात मला. अजून प्रुफांत चुका दिसतात. एवढ्यात कशाला...’’ मी गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला दोन तास होते. मला माझी धीट मावशी हवी होती, जशी मी लोकांना सांगायची तशी. जिवंत राहायचं म्हणणारी मावशी माझ्या गोष्टीत बसत नव्हती. माधवरावांना मी झेंडा दिला होता, मावशींना हसू देऊन निघून गेले. दोन्ही वेळा माणूस बाजूलाच राहिला.

करीमभाईंसमोर मी हे सगळं बोलले. आणि बोलता बोलता समजलं की वाक्य मावशींनी मला देऊन ठेवलं होतं. मरण म्हणजे सुटका, मरण म्हणजे विसावा, सोनं झालं, सुटली बिचारी... हे ऐकत माणसं जातात, जादा झालेल्या कामगारासारखी, कुणीतरी ‘स्वेच्छा’ असं लिहून सही ठोकतं. मावशींनी सही केली नव्हती. चौदा महिने नाही म्हणाल्या, आणि शेवटच्या आठवड्यातही नाहीच म्हणाल्या. यापेक्षा मोठं बंड मला ठाऊक नाही. मी कागदावर लिहिलं: अंबिकाबाईंना मरायचे नव्हते. करीमभाईंनी वाचलं, डोळ्यांना बाही लावली आणि म्हणाले, ‘‘हौ. ये सच है. लगाव.’’

प्रकाशनं बोट ठेवून एकेक अक्षर लावत ते वाचलं. मला वाटलं, नाही म्हणेल. तो म्हणाला, ‘‘मलाही बोलली होती. मी म्हटलं, काकू, पॉझिटिव्ह राहा.’’ मग तो तिथंच पायरीवर बसला. आतून जाऊबाईंनी विचारलं, ‘‘काय लिहिलंय रे?’’ त्यानं मोठ्यांदा वाचून दाखवलं. त्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘शोकाकुलमध्ये माझं नाव घाल. चाळीस वर्षं एका चुलीवर काढलीत.’’ त्यांचं पहिलं घातलं. मग प्रकाश, मग मी. करीमभाई ‘‘मेरा नाम कैकू?’’ करत राहिले, पण जुळवताना शेवटी त्यांनी ते स्वतःच जुळवलं. आबिड्सच्या पोस्टातून मी कार्डं पाठवली, कोपरा न फाडता. त्यावर पत्रं आली. दोघांनी मला निर्लज्ज म्हटलंय. एका बाईंनी लिहिलंय, ‘‘माझी आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुटली. ती सुटली नव्हती. कुणीतरी हे लिहायला हवं होतं.’’

परवा नव्या पत्रकाचा मजकूर घेऊन छापखान्यात गेले होते. कारखान्याच्या फाटकावर आता कुलूप आहे, आम्ही कुलपासमोर बसतो. करीमभाईंचे बरेचसे खिळे, म्हणजे जुळणीची शिशाची अक्षरं, भंगारात वजनावर गेलेत, मराठीचे थोडे उरलेत. छापून झालं की फर्मा सोडायचा आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा, हा या धंद्याचा पहिला नियम. मावशींच्या कार्डाची जुळणी मात्र तशीच होती, जुळणीच्या दगडावर, दोऱ्यानं आवळून बांधलेली, शाई पुसून स्वच्छ केलेली. मी म्हटलं, ‘‘करीमभाई, सोडला नाहीत? खिळे कमी पडतील.’’ ते मशीनला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘उनों जाना नै चाहते थे ना? तो रहने देव.’’

खिळे कमी पडलेच. ‘म’ संपले, काही तर मावशींच्या जुळणीतच अडकलेले. कामगार, मागण्या, मालक, माणूस, या सगळ्या शब्दांत करीमभाईंनी मोठ्या टाइपाचे ‘म’ बसवले, आणि प्रुफावर ते ओळीतून डोकी वर काढून उभे राहिलेले दिसले. मावशींनी ते प्रूफ तोंडावर फेकलं असतं. मी सही केली आणि छापायला दिलं.